देवाच्या आधी पाण्यात

सुट्टी असली की टाकी रिकामी करायची. कंपनीत हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण वॉचमनच्या कुत्र्यालाही माहीत होतं. प्रदूषण तपासणारे साहेब सरकारी सुट्टीला घराबाहेर पडत नाहीत. मग सव्वीस जानेवारी असो, ईद असो, नाताळ असो, कंपनीला सगळे सण सारखेच पवित्र. एका चौदा एप्रिलला तर भीमराव शेजवळनं स्वतःच्या हातानं वॉल्व्ह खोलला होता आणि घरी जाऊन, अंघोळ करून, निळा फेटा बांधून विठ्ठलवाडीच्या मिरवणुकीत नाचला होता. पोट आहे. पोटाला जयंती कळत नाही.

दोन हजार सातची महाशिवरात्र होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीत भीमराव अकरा वर्षं ऑपरेटर. टाकीत आठवड्याचं आम्लाचं पाणी काठोकाठ तटलेलं. पहाटे पाचला शिफ्टचा साहेब, अमित सर, जांभई देत आला.

"भीमराव, आज वालधुनीकडचा खोलू नको हं. शिवमंदिराची जत्रा आहे. लाखभर पब्लिक, पोलीस, पेपरवाले. कुणाचा पाय भाजला तर बोंब होईल. मागचा खोल, उल्हासच्या नाल्याचा. तिकडे कोण मरायला जातंय?"

भीमरावाला उलट बरं वाटलं. चला, निदान जत्रेतल्या लोकांना तरी त्रास नाही. त्यानं मागचं चाक फिरवलं, पिवळं पाणी पाइपात गडगडत गेलेलं ऐकलं आणि रजिस्टरात वेळ टाकून सही केली. पाच दहा.

सव्वासातला पाळी सुटली. गेटबाहेरच्या टपरीवर चहा सांगितला, बिडीसाठी खिशात हात घातला, तर एक चुरगळलेलं गुलाबी पत्रक हाताला लागलं. परवा जनूनं कोंबलं होतं. जनू गायकर म्हणजे त्याचा पाळीतला जोडीदार. एकाच चाकावर आळीपाळीनं हात ठेवणारे दोघं. "जत्रेला ये रे भीमा, पोरगी तुझी वाट बघते," असं म्हणून तो दोन दिवसांच्या रजेवर गेला होता. जत्रा म्हणजे अंबरनाथचीच, हे भीमरावानं धरूनच चाललं होतं. दुसरी कुठली असते?

चहा निवत होता म्हणून त्यानं पत्रक वाचलं. श्री खडकेश्वर यात्रा, मौजे वाकवाडी. सकाळी साडेनऊ वाजता देवाचे डोहस्नान, तदनंतर भाविकांचे पर्वस्नान. स्थळ, उल्हास नदी.

चहाचा ग्लास त्यानं तसाच ठेवला.

वाकवाडीचा डोह. जनू तिथं गळ टाकायचा, कधी कधी डब्यात मासे आणायचा. कंपनीमागचा नाला जिथं उल्हासला मिळतो, तिथून डोह हाकेच्या अंतरावर. भीमरावानं बोटांवर हिशेब केला. पावसाळ्यात सोडलेलं पाणी तीन तासांत नदीला लागतं, कारण तेवढ्या वेळानं खालच्या पुलावरून फोन येतात की मासे उलटे झाले. आता ओढ कमी, म्हणजे चार, सव्वाचार तास. पाच दहा आणि सव्वाचार तास. नऊ पंचवीस.

शेजारच्या पीसीओतून जनूच्या मोबाइलला लावला. बंद. मग अमित सरला लावला.

"सर, वॉल्व्ह बंद करा. खाली वाकवाडीत जत्रा आहे. लोक पाण्यात उतरणार."

"अरे यार, टाकी कधीच खाली झाली. आता काय बंद करू, माझं तोंड?"

"मग पोलिसांना तरी कळवा. पंचायतीला कळवा."

पलीकडे केबिनचं दार लागलं. मग आवाज एकदम गोड झाला. "भीमराव, रजिस्टरला सही कोणाची आहे? माझी आहे का? जा, घरी जा, वहिनीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खा आणि झोप."

"आमच्यात उपास नसतो," भीमराव म्हणाला आणि रिसीव्हर आदळला.

सुट्टीमुळं रिक्षा मिळेना. पाऊण तासानं पाळीची माणसं सोडून एक रिक्षा रिकामी परतत होती. त्यानं तीच थांबवली. जांभूळची पाण्याची टाकी मागं पडली, डांबर संपलं, धुरळा सुरू झाला. रिक्षावाला सिंधी कॅम्पातला होता, तो वाटभर विचारत होता, "क्या हुआ भाऊ, घर में कोई सीरियस है क्या?" भीमराव म्हणाला, "हां. बहुत लोग सीरियस हैं, उनको मालूम नहीं."

वाकवाडीत पोचायला आठ पन्नास झाले. पाळणा, उसाचा रस, बत्तासे, पिपाण्या. सगळं होतं तिथं. खडकावर चुन्यानं रंगवलेलं देऊळ, त्याखाली नदीत उतरणाऱ्या पंधरावीस घडीव पायऱ्या आणि पायऱ्यांपाशी काळंशार, संथ पाणी. आजूबाजूच्या बारा गावचे लोक या डोहाला गरिबाची काशी म्हणत. घरोघरचे चांदीचे टाक, पितळेचे देव तबकात घेऊन बाया रांगेत बसल्या होत्या. वर्षातून एकदा घरचे देव या पाण्यात न्हायला आणायचे, नाहीतर ते घरात नांदत नाहीत म्हणे.

भीमराव कुणालाही न विचारता पायऱ्या उतरला. ऑपरेटरच्या खिशात पीएच पेपरची पुडी असतेच. पिवळा कागद पाण्यात बुडवायचा, हिरवा झाला तर पाणी बरं, लाल झालं तर आम्ल. तो शेवटच्या पायरीवर वाकला, तोच मागून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला.

"ए मेल्या! उठ आदी! पाय घालशील पान्यात!"

जनूची आई, सगुणाबाई. सत्तरीची, कमरेत वाकलेली, पण आवाज भोंग्यासारखा. तिनं त्याला ओळखलं. "आगं बाय, भीमराव का? ये रं पोरा. पन पान्याला शिवू नको. देवाचे आदी या पान्यात मुंगी पन उतरली नाय पायजे."

"का, मावशी? काय होतं?"

"काय होतं म्हंजे? मांगल्या साली एक बकरा घुसला. पाटलाचा होता तरी काय झाला? गुरवानी आंघोलच थांबवली. गोमूत्र शिंपला, देव पुन्ना पुजला, मग उतरले लोक. ऊन चढला तवा." ती हसली. "तो बकरा दुसऱ्या दिशी कापला."

भीमरावानं पाण्याला बोट न लावता नुसतं कागदाचं टोक बुडवलं. हिरवा. पाणी स्वच्छ होतं. अजून आलं नव्हतं.

"मावशी, जनू कुठाय?"

जनू पालखीला फुलं बांधत होता. नवं धोतर, डोक्याला गुलाबी पागोटं. त्याच्या शेजारी त्याची नऊ वर्षांची पोरगी उन्नती, पिवळं परकर पोलकं घालून, घरच्या टाकांचं तबक दोन्ही हातांत सांभाळून उभी. भीमरावाला बघून ती ओरडली, "भीमाकाका! आज पहिली मी उतरणार! देवाच्या मागं कुवार पोरगी जाते. यंदा आमचा मान आहे!"

भीमरावानं जनूला बाजूला ओढलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. जनूचा चेहरा पागोट्याखाली पांढरा पडला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. चाक त्याच्याही हाताचं होतं.

"मागचा? मागचा कशाला खोललास रे?"

"तुझी जत्रा मला काय माहीत? मला वाटलं अंबरनाथची."

"मी पत्रक दिलं होतं ना तुला!"

"वाचलं नव्हतं."

अकरा वर्षं पाणी सोडलं, पण ते कुठं जातं हे दोघांतल्या एकानंही कधी चालत जाऊन बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही. पाइपाच्या तोंडाशी आपली नोकरी संपते.

"अण्णाला सांगू," जनू म्हणाला.

अण्णा म्हणजे यात्रेच्या कमिटीचा अध्यक्ष. पांढरे बूट, पांढरी सफारी, बोटांत चार अंगठ्या. अर्धी वाकवाडी एमआयडीसीत गेली तेव्हा ह्याची जमीन गेली आणि बदल्यात ह्याला कंपन्यांची कामं मिळाली. माणसं पुरवायची, टँकर पुरवायचे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, भीमरावाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"भीमराव."

"भीमराव काय?"

"शेजवळ."

"अस्सं." तेवढ्या एका शब्दात अण्णानं सगळी चौकशी आटपली. "राहायला?"

"विठ्ठलवाडी. अण्णा, वेळ नाही. माइकवरून सांगा, अकरापर्यंत कुणी उतरू नका."

"हे बघा शेजवळ, तुमची श्रद्धा नसेल, आपलं काही म्हणणं नाही. ज्याचं त्याला. पण दुसऱ्याच्या देवाच्या कार्यात खोडा घालू नये." मग तो पायऱ्यांकडे वळून मोठ्यानं ओरडला, "गुरवबुवा, पूजेचं पाणी भरलंय ना? आणा इकडं."

गुरवानं लांब दांड्याच्या पळीनं काढलेलं डोहाचं पाणी तांब्यात आणलं. अण्णा ते ओंजळीत घेऊन सगळ्यांच्या देखत प्याला. मिशा पुसल्या. "गोड आहे. ॲसिड म्हणे! साडेनऊ झाले. कुठाय तुमचं ॲसिड? रस्ता चुकलं का?"

भोवतीचे लोक हसले. एक जण म्हणाला, "बदलापूरला उतरायचं होतं, झोप लागली असेल." पुन्हा हशा.

भीमरावानं मनगट बघितलं. नऊ बत्तीस. पाणी काळंशार, आरशासारखं. जनूच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता, आणि तेच भीमरावाला सगळ्यात वाईट दिसलं.

"भीमा," जनू हळू म्हणाला, "तुझा हिशेब चुकला असेल. जिरलं असेल वाटेत. उन्हाळ्यात जिरतं."

"जिरतं? तू ऑपरेटर आहेस का कोण आहेस?"

"आज माझ्या पोरीचा मान आहे रे. सात वर्षांनी आमच्या घरात आला." त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. "आणि अण्णाच्या शब्दावर मला कंपनीत घेतलंय. मी काय बोलू?"

भीमराव तिथं थांबला नाही. काठाकाठानं वर पळत सुटला. नाला नदीला मिळतो ते तोंड कोरडं होतं, नुसता ओला गाळ. तो नाल्यातून वर गेला. करवंदीच्या जाळ्या, प्लास्टिक, मेलेलं डुकराचं पिल्लू. पाचेकशे पावलं गेल्यावर वास आला, सडक्या अंड्याचा, घशाला चिमटा काढणारा. आणि वळणावर त्याला त्याचा चुकलेला हिशेब दिसला.

कुणीतरी भेंडी-वांग्याला पाणी अडवायला नाल्यात आडवा बांध घातला होता. सिमेंटच्या जुन्या गोण्यांत माती भरून, छातीएवढा उंच. त्यामागं ते साचलं होतं. पिवळं, वर फेस, काठापर्यंत. गोण्यांच्या फटींतून बारीक धारा सुटल्या होत्या आणि मधली एक गोणी पोटुशीसारखी पुढं फुगली होती. वाटेत जिरलं असतं, पांगलं असतं, नदीत मिसळून निम्मं मेलं असतं. पण बांधानं ते सगळं एकत्र धरून ठेवलं होतं, आणि आता सोडणार होता ते एकदम.

त्यानं गोणीला खांदा लावून बघितला. वेडेपणा होता. पाय गाळात रुतले, खालची धार चपलेवरून, पँटीवरून गेली आणि घोट्यापर्यंत आग पेटली. त्यानं कागद बुडवला. कुंकवासारखा लाल. मधली गोणी त्याच्या डोळ्यादेखत वीतभर सरकली.

तो परत पळाला. पाय असे जळत होते की चालणं जमलं नसतं, पळणंच जमत होतं.

डोहावर ढोल सुरू झाले होते. पालखी देवळातून निघून पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आली होती. आत चांदीचा मुखवटा, गुरवाच्या हातात घंटा, मागं तबक घेऊन उन्नती, तिच्यामागं हजारभर माणूस. बायांनी नदीच्या ओटीसाठी खण-नारळ काढले होते. कडेला बंदोबस्ताचा एकुलता एक हवालदार उसाचा रस पीत उभा होता.

"थांबा! आलंय! वर बांधाला अडलंय, फुटतोय!"

ढोलात काय ऐकू जाणार? तो अण्णापुढं जाऊन उभा राहिला आणि लाल कागद नाकासमोर धरला. "हे बघा. डोळ्यानं बघा."

अण्णानं कागद बोटात धरला. "कुंकवाचं बोट लागलंय," तो म्हणाला आणि कागद खाली टाकला. "हवालदार, हा माणूस पिलेला आहे. बाजूला घ्या."

हवालदार ग्लास संपवून निघाला. भीमरावानं जनूला हाक मारली. जनू पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं मान वळवली नाही. त्याची मान ताठ होती आणि तिच्यावरून घामाचा ओघळ चालला होता. पालखी एक पायरी उतरली. मग दुसरी. उन्नती जीभ दातात धरून, एकही टाक हलू नये म्हणून पाय जपून टाकत होती.

आणि भीमरावाला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. माझ्या हातानं सोडलेल्या आम्लावर यांचा विश्वास नाही. माझ्या पायांच्या विटाळावर आहे.

हे कळलं तेव्हा त्याला पहिल्यांदा राग आला. भीती गेली आणि नुसता राग उरला. शाळेतल्या माठापासूनचा, बापाला वाकवाडीसारख्याच एका गावात विहिरीच्या कठड्यापासून चार हात लांब उभं राहावं लागायचं तिथपासूनचा. बापानं दीक्षा घेतली, गाव सोडलं, पोरांना शिकवलं, कशासाठी? त्यांच्या पाण्याकडं पुन्हा बघायला लागू नये म्हणून. आणि आज पोरगा त्याच पाण्यासाठी पाय भाजून घेत होता.

हवालदाराचा हात खांद्याला लागायच्या आत तो पालखीखालून वाकून सटकला, उरलेल्या पायऱ्या चार-पाच ढांगांत उतरला आणि कपड्यांसकट डोहात उडी टाकली.

ढोल एकदम थांबले.

पाणी गार होतं. भाजलेल्या पायांना इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे मिटले. तो छातीइतक्या पाण्यात उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "शिवलो! बघा सगळ्यांनी! मी भीमराव शेजवळ, विठ्ठलवाडीचा, जयभीमवाला! तुमच्या देवाच्या आधी तुमच्या पाण्यात! आता उतरा बघू!"

जात कुणी तोंडानं काढली नव्हती. दोन हजार साल उलटलं होतं, कायदा होता, हवालदार होता. म्हणून त्यानं स्वतःच काढून दिली. काठावर जो आवाज झाला तो माणसांचा वाटला नाही, गोठ्याला आग लागल्यावर होतो तसला होता. चार पोरं पाण्यात घुसली, त्याला केसांना धरून बाहेर ओढलं आणि पायऱ्यांवर घातला. लाथा, बुक्क्या, एकानं नारळ हाणला. कोण म्हणत होतं नियम मोडला, कोण म्हणत होतं डोह बाटवला, आणि एक म्हातारी सारखी म्हणत होती, "पन त्याला कलत कसा नाय? कलत कसा नाय?" भीमराव डोक्यावर हात घेऊन पडून होता आणि ओठ फुटलेल्या तोंडानं एकच विचारत होता, "थांबली का? पालखी थांबली का?"

थांबली होती. गुरव पालखीपुढं आडवा उभा राहिला होता. काटकुळा, घाबरट माणूस, पण नियमाला पक्का. "आता नाही उतरायचं. आधी शुद्ध. गोमूत्र आणा, पंचगव्य करा, देव पुन्हा पुजायला लागेल."

"किती वेळ?" अण्णानं ओरडून विचारलं.

"लागेल तेवढा. माझ्या बापानं सांगितलंय तसंच होईल."

"अहो बकऱ्याला तासभर लागला होता!"

"हे बकरं आहे का?" गुरव म्हणाला. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. तो आपला नियम सांगत होता.

मग गोमूत्राची पळापळ. एक जण तांब्या घेऊन वाडीत धावला. दहा मिनिटं गेली. "गाय मुतत नाय!" म्हणून वरून कुणीतरी ओरडलं. दुसरा जण दुसऱ्या गोठ्याकडं धावला. ऊन चढलं. बाया देवांच्या तबकांवर पदर धरून बसल्या. उन्नतीच्या हातांना कळ लागली होती पण ती तबक खाली ठेवायला तयार नव्हती. ती भीमाकाकाकडं बघत नव्हती. हवालदारानं भीमरावाला खांबाशी बसवून डायरी उघडली आणि नाव, गाव, धार्मिक भावना असं लिहायला घेतलं. जनू पालखी खांद्यावर घेऊन तसाच उभा.

तांब्या आला. गुरवानं आंब्याची डहाळी बुडवली, मंत्र पुटपुटत पहिल्या पायरीवर शिंपडलं, मग दुसऱ्या. तो उतरत उतरत पाण्यापाशी पोचला, तेव्हा दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. त्यानं पाण्यावर डहाळी झटकली आणि थांबला. नाक वर केलं.

"हा कसला वास?"

वरच्या वळणावरून एक आवाज आला, बैलगाडी उलटल्यासारखा, धप्पकन. मग नाल्याच्या तोंडातून ते आलं. पिवळी जीभ आधी काठानं सरपटली, मग फुगली आणि डोहात शिरली. काळं पाणी मधोमध फाटल्यासारखं झालं. आणि मासे. खवले, शिवडे, बोटाएवढी पिल्लं, सगळे जिवाच्या आकांतानं पाण्याबाहेर उडत होते, पायऱ्यांवर येऊन आपटत होते. एक पाणसर्प गुरवाच्या पायांवरून वर पळाला. गुरवाच्या अंगठ्याला पाण्याची लाट लागली आणि तो किंचाळत, डहाळी टाकून, चार पायांवर पायऱ्या चढला.

लोक मागं हटले. चेंगराचेंगरी झाली नाही ती केवळ सगळे आधीच बसून कंटाळले होते म्हणून. खोकला, रडारड, पोरांच्या नावानं हाका. सगुणाबाईनं नातीला पदराखाली घेतलं. टाक तबकातून सांडले, खणखणत पायऱ्यांवरून गेले आणि पिवळ्या पाण्यात पडले. ते काढायला कुणी गेलं नाही.

थोड्या वेळानं, वास जरा वाऱ्यावर गेल्यावर, कुणीतरी म्हणालं, "देवानं राखलं."

मग तेच सगळीकडून. खडकेश्वर जागृत आहे. त्याला आधीच कळलं होतं. त्यानंच विघ्न धाडलं, म्हणून वेळ टळली. अण्णानं माइक घेतला आणि घोगऱ्या आवाजात, हात जोडून, तेच सांगितलं. हर हर महादेवचा असा गजर झाला की कावळे उडाले. भीमराव खांबाला टेकून ऐकत होता. तर तो विघ्न होता. पाठवलेलं. ह्या पायांचे फोड पण त्यानंच पाठवले असतील.

त्याला हसू आलं, पण ओठ फुटलेला होता.

"पण हे सोडलं कुणी?" एका तरण्या बाईनं विचारलं. कडेवर तिचं वर्षाचं पोर होतं. "आं? हे सोडणारा कोण भाडखाऊ आहे?"

गजर मंदावला. अण्णा माइक खाली ठेवून चष्मा पुसायला लागला. जनू पालखी ठेवून भीमरावाजवळ येऊन उकिडवा बसला होता. त्यानं भीमरावाचं मनगट दाबलं. "गप बस," तो ओठ न हलवता म्हणाला. "झालं ना काम? आता गप बस. तुझ्या पोरांकडं बघ. शालनवहिनीकडं बघ."

भीमरावानं बघितलं. शालन केव्हाची उठली असेल, तो अजून आला कसा नाही म्हणून चाळीच्या जिन्यात उभी असेल. मग त्यानं त्या बाईच्या कडेवरच्या पोराकडं बघितलं. त्याचे पाय उघडे होते.

"मी सोडलं," तो म्हणाला.

बाईला ऐकू गेलं नाही. तो खांबाला धरून उठला. "बाई, मी सोडलं. पहाटे पाच दहाला, ह्या हातानं. मला सांगणाऱ्याचं नाव सांगतो, कंपनीचं नाव सांगतो. हवालदारसाहेब, लिहा."

हवालदारानं डायरीवरून मान वर केली. तो चाळिशीचा, थकलेला माणूस होता. "अरे बाबा, तुझी एक तक्रार अजून अर्धी आहे. पाण्यात उतरला त्याची. ती आधी संपवू दे."

"दोन्ही लिहा. एकाच कागदावर लिहा."

"तसं नसतं रे. ते कलम वेगळं, हे कलम वेगळं. आणि हे बोललास तर तूच आत जाशील, तुझा साहेब नाही. आधी वकिलाला विचार."

"माणूस एकच आहे ना? पाण्यात उतरणारा आणि पाणी सोडणारा. मग कागद दोन कशाला?"

गर्दी पुन्हा जवळ येत होती. मघाची चार पोरंही त्यात होती. या वेळी त्यांचे चेहरे निराळे होते, पण बरे नव्हते. ह्या दुसऱ्या माराला गुरव आडवा येणार नव्हता. भीमरावाची गुडघ्याखालची आग आता कमरेपर्यंत चढली होती. त्यानं अंग चोरलं नाही.

जनू अजून उकिडवाच होता. त्यानं डोक्यावरचं गुलाबी पागोटं काढलं, गुडघ्यावर ठेवलं. मग आईला हाक मारून म्हणाला, "आये, उन्नतीला घरी ने." म्हातारी हलली नाही. पोरगीही हलली नाही. तिला आता बापाकडं बघायचं होतं.

"नेतेस का नाय?" जनू ओरडला. तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा तो उठला, गर्दीत आणि भीमरावात येऊन उभा राहिला, आणि हवालदाराला म्हणाला, "साहेब, हे पहाटेचं यानं सोडलं. पण दिवाळीला मी सोडलं होतं. गायकर, जनार्दन. लिहा."

हवालदारानं अण्णाकडं बघितलं. अण्णा चष्मा पुसतच होता. हवालदारानं पेनचं टोपण दातानं काढलं, डायरीचं अर्धं भरलेलं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर हात फिरवला.

"स्पेलिंग सांगा कंपनीचं," तो म्हणाला.